मोतीलालभाऊंचा पाण्याचा कॅन

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत रविवारी दुपारी दोन घरांतून दारूचा वास येतो. एका घराबद्दल मी काही बोलणार नाही, त्या गृहस्थांना अजून मुली उजवायच्या आहेत. दुसरं घर मोतीलालभाऊंचं. तिथं जे चालतं ते दार-खिडक्या सताड उघड्या ठेवून चालतं आणि बहुतेक वेळा मी तिथं बसलेला असतो.

मोतीलालभाऊ एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. गाव शिंदखेड्याकडचं, नोकरी जळगाव डेपोत. एवढी वर्षं गाडी चालवली पण कुणाला खरचटूसुद्धा दिलं नाही, ही त्यांची एकुलती एक फुशारकी, आणि ती ते संधी मिळेल तेव्हा मारतात. नियमाचा माणूस. रस्ता मोकळा असला तरी हात दाखवून वळणारा. मी त्यांचा शेजारी. शाळेत इतिहास शिकवायचो. आता शिकवायला समोर कुणी उरलं नाही, म्हणून दुसऱ्यांच्या घरात डोकावत असतो. कॉलनीत मला सगळे मास्तर म्हणतात आणि थोडे टाळतात.

मोतीलालभाऊ दारू पीत नाहीत, चाखतात. हा फरक मला आधी पटला नव्हता. रविवारी जेवणाआधी ते बाटली खिडकीपाशी नेतात आणि उजेडात धरतात. मग बूच काढून कान लावतात. मग वास. डेपोतून गाडी ताब्यात घेताना ड्रायव्हर जसा तिच्याभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ मारून बघतो, तसं हे सगळं. शेवटी दोन काचेच्या ग्लासांत बोटभर बोटभर ओतायची, एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल येईपर्यंत मी बोलायचं नाही. एकदा बोललो होतो तर माझा ग्लास काढून घेतला.

कमलबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी या प्रकाराला तीन अटींवर परवानगी दिली. देवघराच्या खोलीत बाटली न्यायची नाही. घरातलं भांडं वापरायचं नाही. आणि चूळ भरल्याशिवाय त्यांच्याशी बोलायचं नाही. म्हणून ते दोन ग्लास बारा महिने बाहेरच्या खिडकीत उपडे असतात. मोतीलालभाऊंनी स्वतःहून चौथी अट घालून घेतली. सरकारी कचेरीत खेटे घालून त्यांनी पिण्याचा परवाना काढला आणि तो ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात असा परवाना कुणी हौसेनं काढला असेल असं मला वाटत नाही.

ही दारूही आपल्या बारमध्ये मिळते ती थंडगार पिवळी बिअर नव्हे. हिला एल म्हणतात. जुन्या विलायती रीतीची. जवाला मोड आणायचे, ते भाजायचे, उकळून त्यात कसलीशी कडू फुलं टाकायची, मग आंबवून महिनोन्‌महिने मुरवायची. रंग काकवीसारखा. कडक इतकी की बोटभरानंतर मला माझे जुने हेडमास्तर चांगले वाटायला लागतात. बर्फात ठेवलेली तिला चालत नाही आणि जळगावचा उन्हाळा तर मुळीच चालत नाही, म्हणून मोतीलालभाऊ बाटल्या न्हाणीघरात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात.

ती बनवते त्यांची मुलगी सारिका.

इथं थोडं मागं जायला हवं. मोतीलालभाऊंचे थोरले भाऊ जीवराम हातभट्टीपायी गेले. शेवटी शेवटी त्यांना मोतीलालभाऊच खांद्यावर टाकून घरी आणायचे. त्यामुळे या माणसानं डेपोतल्या पार्टीतही कधी थेंब घेतला नव्हता. आणि त्यांची मुलगी देवपूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथल्या एका लहानशा बिअरच्या कारखान्यात लागली. मोतीलालभाऊंनी तिच्याशी बोलणं टाकलं. नातेवाइकांना सांगितलं की ती सरबताच्या कंपनीत आहे. बरेच दिवस सारिकाचा फोन वहिनीच घ्यायच्या आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे. पेपरचं पान मात्र उलटायचं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. एका वर्षी सारिका आली ती बाटली घेऊनच. मी तिथं होतो. तिनं बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “नाना, न चालवता तुम्ही कधी गाडीला नावं ठेवली का?”

हा प्रश्न विचारायला डोकं लागतं. मोतीलालभाऊंनी बाटली फिरवून बघितली. मग त्यांनी कपभर घेतली, एक घोट घेतला, आणि तोंड असं केलं की वहिनी आतून गूळ घेऊन आल्या.

“कडू शे,” ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “पन खोटी नही.”

सारिका तेवढ्यावर रडली. मी खिडकीबाहेर बघितलं.

तेव्हापासून दर महिन्याला बाटल्या येऊ लागल्या. आणायचा जावई, भूपेंद्र. ठिबकच्या पाइपांच्या धंद्यात आहे, त्याची जळगावला फेरी असते. हा स्वतः घेत नाही, त्याला पित्त होतं. बाटल्या जाड काचेच्या, तारेच्या बुचाच्या, त्या परत पाठवाव्या लागत. पण आलेलं भांडं रिकामं परत करायचं वहिनींच्या हातून होत नाही. पहिल्या खेपेला त्यांनी सगळ्या बाटल्या घाण्याच्या शेंगदाणा तेलानं भरून दिल्या. सारिकानं फोन करून हात जोडले, तेलाचा अंश राहिला तरी फेस मरतो म्हणे. मग वहिनी त्यांत तीळ, मूग, मेथ्या असलं काहीबाही नरसाळ्यानं भरायला लागल्या.

चाखून झालं की मोतीलालभाऊ फोन लावून निकाल कळवायचे. “चढाव मस्त चढस, पन उतारवर ब्रेक लागत नही.” म्हणजे पहिला घोट उत्तम, पण कडूपणा घशात रेंगाळतो. सारिकाला हे बरोबर कळायचं. चार महिन्यांनी येणाऱ्या बाटलीत ब्रेक लागलेला असायचा. एका बाटलीला पिकल्या केळ्यांचा वास यायचा, चक्क रावेरच्या केळीच्या वखारीत उभं राहिल्यासारखा. मोतीलालभाऊ म्हणाले, पोरीनं यात जळगाव टाकलं. ती म्हणाली, नाना, मी काही टाकलं नाही, आंबताना आपोआप येतं. त्यांनी ते मानलं नाही. बाप आणि मुलगी इतकं कधी आयुष्यात बोलली नव्हती. इंजिन, ब्रेक, चढाव, उतार. मला मजा वाटायची आणि थोडा हेवाही वाटायचा. माझा मुलगा मला फोनवर फक्त तब्येत विचारतो.

पण सगळं सुरळीत होतं असं नाही. मोतीलालभाऊ मुलीच्या घरचं पाणी पीत नव्हते.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही, काही लोक पाणीसुद्धा घेत नाहीत. आता कोण पाळतं? पण हे पाळायचे. ते पुण्याला दोनदा गेले तेव्हा बरोबर भाकरी आणि पाण्याचा कॅन. हा कॅन त्यांच्या नोकरीतला, ड्रायव्हरच्या सीटमागं टांगायचा, हिरवा, त्याला गोणपाट शिवलेलं. तो घेऊन ते मुलीच्या सोफ्यावर बसले. सारिकानं समोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि कॅनचं झाकण उघडलं. हे मला वहिनींनी सांगितलं. सारिका तो ग्लास उचलून आत गेली आणि बेसिनचा नळ बराच वेळ चालू राहिला.

सारिकाच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा राहिले नाहीत. अशा मुलीच्या घरात बाप आपला कॅन घेऊन बसतो, याचा अर्थ तिला काय लागत असेल? मला संताप यायचा. मी एका रविवारी तोंडावर बोललो. म्हणालो, मोतीभाऊ, तुम्ही परवाना काढून दारू पिता आणि पोरीचं पाणी पीत नाही, याला काय म्हणावं?

ते चिडले नाहीत. त्यांनी मला थोरल्या बहिणीची, वच्छलाबाईंची गोष्ट सांगितली. वच्छलाबाई शिंदखेड्याच्याही पलीकडे दिल्या होत्या. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात दोघांचे वडील, आप्पा, तिकडे चालत गेले, उन्हानं कासावीस झाले आणि त्यांनी मुलीच्या हातचं पाणी घेतलं. वच्छलाबाईंना मूल झालंच नाही. घरात सगळ्यांनी तेच धरलं की आप्पांनी पाणी प्यायल्यामुळे झालं. आप्पाही तेच धरून मेले.

“मी सारिकावर रुसेल नही मास्तर,” ते म्हणाले. “माले भ्याव वाटस.”

मी इतिहास वगैरे काढून बोलायला लागलो. असल्या समजुती कुठून येतात, का येतात. त्यांनी हातानं थांबवलं. “तुमना इतिहास पुस्तकमा शे. मना घरमा शे.”

मी माझा ग्लास संपवला. पण राग होताच, तो काही गेला नाही.

मग गेल्या थंडीतली ती बाटली. त्यांनी उजेडात धरली, कान लावला, वास घेतला, घोट घेतला. डोळे मिटले. पुन्हा एक घोट घेतला, जे ते कधी करत नाहीत.

“पानी बदलनं,” म्हणाले.

मला काहीच वेगळं लागलं नाही. पण एसटीत राहून ज्यानं गावोगावच्या स्टँडवरचं पाणी प्यायलं आहे त्याच्याशी मी कशाला वाद घालू? पुढच्या आठवड्यात भूपेंद्र आला. वहिनींनी त्याला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. जावयानं सासरी कितीही खावं, त्याला कुठली रीत आड येत नाही. मोतीलालभाऊंनी सहज विचारलं, “सारिकाचा कारखाना दुसरीकडं नेला का?”

“नाही नाना,” भूपेंद्र तोंडातला घास सांभाळत म्हणाला, “कारखाना तिथंच आहे. आम्ही घर बदललं ना. पहिल्या घरी महापालिकेचं पाणी होतं, या सोसायटीत बोअरचं.”

“मंग घरना पानीना काय संबंध?”

“म्हणजे? तुमच्यासाठी ती घरीच करते की. कारखान्यातला माल असा बाहेर काढता येत नाही. किचनमध्ये हे एवढं पातेलं चढवते, मला दोन दिवस बाहेरून डबा.” तो हसला. त्याला वाटलं आपण बायकोचं कौतुक करतो आहोत.

घरी असलं काही करायला कायद्याची परवानगी असते का, हा मुद्दा माझ्या जिभेवर आला होता. पण मी मोतीलालभाऊंचा चेहरा बघितला आणि गिळला. ते उठले आणि हात धुवायला गेले. त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

म्हणजे इतकी वर्षं, दर रविवारी, आपल्या घरी, आपल्या खुर्चीत बसून, ते मुलीच्या घरचं पाणीच पीत होते. जवाचं पाणी, कडू पाणी, मुरलेलं पाणी. पण पाणीच.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सारिकाला फोन करून सरळ विचारलं की हे तू मुद्दाम केलंस का. ती म्हणाली, मुद्दाम केलं. वहिनींनी तिचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले. “नाना मना घरनं पानी पेत नहीत, मंग मीच पानी तठे धाडं.”

मला वाटलं, झालं. आता गाठ सुटली. इतकी वर्षं प्यायले आणि आकाश कोसळलं नाही, हे आता त्यांना कळेल. मी तसं बोलायला म्हणून गेलोही. मोतीलालभाऊ न्हाणीघराच्या दारात उभे होते आणि गोणपाटातल्या बाटल्यांकडे बघत होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “तिनं दुसरं बाळ गयं. तवय मी पेत होतू.”

माझं सगळं शहाणपण तिथंच संपलं. मी ज्याला सुटका समजत होतो, त्यात या माणसाला स्वतःचा गुन्हा दिसत होता. डॉक्टरांनी काय सांगितलं, कशानं असं होतं, हे मी बोलत गेलो आणि ते मान हलवत गेले. गाडीखाली कुणी आलं तर ड्रायव्हर जसा समजूत घालणाऱ्यांकडे बघत असेल तसे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात कुणाला खरचटू न दिलेला माणूस.

त्यांनी चाखणं बंद केलं. ग्लास खिडकीत उपडे राहिले, त्यांवर धूळ बसली. सारिकाचा फोन आला की विचारायची, नाना, कशी झाली? हे म्हणायचे, अजून उघडली नाही, घसा बरा नाही. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं विचारणं सोडलं. तिनं त्याचा एकच अर्थ लावला, जो कुणीही लावला असता. नानांना कळलं, आणि नानांना ते विटाळल्यासारखं झालं. वहिनींनी तिला खरं सांगायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार? तुझा बाप तुझ्यावर रागावलेला नाही, तुझं बाळ आपल्यामुळे गेलं असं धरून बसला आहे, हे कुठली आई फोनवर सांगेल? भूपेंद्र पुढच्या फेरीला आला तो रिकाम्या हातानं. आणि मग सारिकाचा निरोप आला की या आखाजीला तिला सुट्टी मिळत नाही.

आखाजीला सुट्टी मिळत नाही म्हणजे काय ते खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वहिनींनी लेकीसाठी अंगणातल्या निंबाला बांधायला काढलेला झोक्याचा दोर पुन्हा माळ्यावर टाकला. मोतीलालभाऊ तो टाकताना स्टूल धरून उभे होते.

त्या आखाजीला वच्छलाबाई मात्र आल्या. आता पार म्हाताऱ्या, नवरा जाऊन कितीतरी काळ लोटलेला, पण माहेर म्हणून भावाकडे यायच्याच. खणखणीत बाई. आल्या आल्या विचारलं, पोर कुठं आहे? दुपारपर्यंत त्यांनी वहिनींकडून सगळं काढून घेतलं.

आखाजीला पितरांच्या नावानं घागर भरतात. कोरी मातीची घागर, तीत गार पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. मोतीलालभाऊ दरवर्षी स्वतः भरतात, आप्पांच्या नावानं. त्या दिवशी ते घागरीला हळदीकुंकू लावत होते, मी पुरणपोळीच्या आशेनं ओट्यावर बसलो होतो, आणि वच्छलाबाई त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

“मोत्या,” त्या म्हणाल्या. या माणसाला मोत्या म्हणणारी जगात ही एकच उरली आहे. “मरेल बापले घागर भरीसन पानी देस. आनि जित्ता बापले पोरनं पानी दिधं ते पाप?”

मोतीलालभाऊंचा हात घागरीवरच राहिला. “अक्का, तुले माहीत शे. आप्पा तुना घर पानी पेयनात आनि...”

“आनि काय? माले पोर नही व्हयनं?” वच्छलाबाई खाली बसल्या, भिंतीला टेकून. त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी माझ्या भाषेत सांगतो, त्यांच्या भाषेत ते अधिक चांगलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या त्या लोट्याला नावं ठेवली. मला कधी कुणी विचारलं का? सासू कशी होती, नवरा कसा होता, कुणाला माहीत नाही. त्या घरात मी राबले, मार खाल्ला, बोलणी खाल्ली. एकदाच माझा बाप उन्हातून माझ्या दारात आला. मी रांजणातून लोटा भरून त्याला दिला. तो घटाघटा प्यायला आणि म्हणाला, पोरी, तुझ्या घरचं पाणी गोड आहे. त्यावर मी जगले. तेवढंच माहेर माझ्या घरात आलं. तो तहानलेला परत गेला असता तर मला मूल झालं असतं का रे? मूल झालं नसतंच, आणि तो लोटाही नसता.

आत तव्यावर पोळी जळाल्याचा वास आला, तरी वहिनी उठल्या नाहीत. मोतीलालभाऊ रडले. उघड रडले, पाठ न फिरवता. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होतो आणि मला अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही, उलट बरं वाटलं.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर त्यांनी न्हाणीघरातून बाटली आणली. रविवार नव्हता. खिडकीतले ग्लास स्वतः विसळले. बाटली उजेडात धरली, कान लावला, वास घेतला, सगळं पहिल्यासारखं. वच्छलाबाईंनी मलाही थोडी द्या म्हणून हात पुढं केला. त्यांना दिली. त्यांनी तोंडात घेतली आणि सरळ अंगणात थुंकली. “हाई पेवाकरता शिकनी पोर?” असं म्हणून आत जाऊन चूळ भरून आल्या.

मोतीलालभाऊंनी घोट घेतला. डोळे मिटले. आम्ही थांबलो. मग त्यांनी फोन लावला.

“सारिका,” ते म्हणाले, “इंजिन चांगलं शे. पन पानी जड शे तुमना बोअरनं.”

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“माठमा भरीसन ठेव. माठमा ठेवं का हलकं व्हस. आम्ही रविवारले यी ऱ्हायनूत.”

फोन त्यांनी कानाला तसाच धरून ठेवला होता. पलीकडं काय चाललं होतं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मोतीलालभाऊ मधून मधून फक्त “हां” म्हणत होते.

रविवारी सकाळी रिक्षा आली. वहिनींनी दोन पिशव्या भरल्या होत्या, ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, भरताची वांगी. बाटल्याही होत्या, बुचापर्यंत तिळानं भरलेल्या. सामान चढलं, दोघं बसली, रिक्षा वळणावर पोचली आणि माझं लक्ष गेलं. ओट्यावर, खिडकीखाली, हिरवा कॅन. गोणपाट ओलं केलेलं, झाकण घट्ट लावलेलं. सवयीनं भरला असणार आणि निघायच्या घाईत राहिला असणार. बोलणं वेगळं आणि प्रवास वेगळा. रस्त्यात ऊन मरणाचं, आणि नियमाचा माणूस. मी कॅन उचलला आणि पळत सुटलो. या वयात मी पळतो म्हणजे काय ते कॉलनीनं बघितलं. दोन बायका गॅलरीत आल्या.

“मोतीभाऊ!” मी ओरडलो. “अहो, कॅन राहिला!”

रिक्षा थांबली. मोतीलालभाऊंनी बाहेर डोकं काढलं. दाढी गुळगुळीत केलेली, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी कॅनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“ऱ्हाऊ द्या मास्तर,” ते म्हणाले. “पोर शे ना तठे पानी देवाले.”

रिक्षा गेली. मी कॅन घेऊन रस्त्यात उभा होतो. चांगलाच जड होता, काठोकाठ भरलेला. घरी आणून मी त्यातलं थोडं पाणी प्यायलो, कारण पळून मला दम लागला होता, आणि बाकीचं त्यांच्या निंबाच्या मुळाशी ओतलं.